विद्यापीठांची पंगत : अमेरिकेंतील क्रीडा-परिषदांचा इतिहास

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा अमेरिकेंत शिकावयास गेलेला आहे. तेथील वायव्य कोपऱ्यांतील वॉशिंग्टन राज्यांत, गव्हाच्या शेतांनीं भरलेल्या टेंकड्यांमध्यें, पुलमन नांवाचें एक गांव आहे. वस्ती सुमारें तेहतीस हजार. तेथील सरकारी विद्यापीठांत तो शिकतो. त्याच्या एका पत्रांत असें वाक्य आलें : 'गुरुजी, आमच्या विद्यापीठाला सगळ्या सोबत्यांनीं टाकलें.'

मला वाटलें, कांहीं गैरवर्तणूक घडली असावी. चौकशी करतां कळलें कीं, प्रकरण खेळांच्या सामन्यांचें होतें, आणि विद्यापीठाचा अपराध म्हणावयाचा तर इतकाच कीं तें लहान गांवांत वसलें होतें. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. परंतु आयुष्याचीं तीस वर्षें मुलांचे सामने भरविण्यांत गेलीं असल्यामुळें ह्या प्रकरणाची मला गोडी लागली. मिळेल तें वाचीत गेलों. त्यांतून जें हातीं आलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

अमेरिकेंत विद्यापीठीय खेळांस केवढें महत्त्व आहे, ह्याची आपणांस सहज कल्पना येणार नाहीं. तेथील कांहीं विद्यापीठांच्या मैदानांवर शनिवारच्या एका सामन्यास एक लक्षाहून अधिक प्रेक्षक बसतात. ह्या खेळांच्या व्यवस्थेसाठीं विद्यापीठें आपापसांत जे संघ करितात त्यांस कॉन्फरन्स म्हणतात. आपण 'परिषद' म्हणूं. कोणीं कोणाशीं खेळावें, कोणत्या नियमांनीं खेळावें, आणि जमलेल्या पैशाची वांटणी कशी व्हावी, हें परिषद ठरविते. खेळ अनेक आहेत, पण सर्व कारभार फिरतो तो फुटबॉलभोंवतीं. आणि हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे, तर चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा खास अमेरिकन फुटबॉल होय.

ह्या खेळांच्या शेजारीं पैसा आरंभापासूनच उभा होता. १८५२ च्या ऑगस्ट महिन्यांत हार्वर्ड आणि येल ह्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची न्यू हॅम्पशायरमधील एका सरोवरावर नौकाशर्यत झाली. अमेरिकेंतील आंतरविद्यापीठीय सामन्यांचा हा श्रीगणेशा. मुलांचा जाण्या-येण्याचा व राहण्याचा खर्च एका रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्यानें सोसला, कारण शर्यत पाहावयास लोक जमले म्हणजे त्याच्या गाड्या भरणार होत्या. पुढें १८६९ च्या ६ नोव्हेंबर रोजीं रटगर्स आणि प्रिन्सटन ह्यांचा पहिला फुटबॉल सामना झाला व रटगर्सनें तो सहा विरुद्ध चार असा जिंकला. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत ह्या खेळाचें वेड देशभर पसरलें आणि त्याबरोबर गैरप्रकारही वाढले. वर्गाचें तोंड न पाहिलेले धट्टेकट्टे गडी विद्यार्थी म्हणून मैदानांत उतरूं लागले. कोणी यंदा एका विद्यापीठाकडून, तर पुढच्या वर्षीं दुसऱ्याकडून खेळे, आणि त्याबद्दल गुपचूप पैसे घेई. सामन्यांचा कारभार विद्यार्थ्यांच्या मंडळांकडे आणि बाहेरच्या हौशी मंडळींकडे होता. अध्यापकांस कोणी विचारीत नसे.

तेव्हां १८९५ च्या ११ जानेवारीस पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट ह्यांनीं शेजारच्या विद्यापीठांच्या अध्यक्षांस शिकागो येथील पामर हाउस नांवाच्या हॉटेलांत बोलाविलें. पुढील वर्षीं, १८९६ च्या ८ फेब्रुवारीस, त्याच ठिकाणीं सात विद्यापीठांचे अध्यापक-प्रतिनिधि जमले आणि परिषद स्थापन झाली. शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन हे ते सात सभासद. परिषदेच्या अधिकृत नांवांतच 'अध्यापक-प्रतिनिधींची' असे शब्द होते. तिचे नियम साधे होते : खेळणारा खराखुरा विद्यार्थी असावा, त्याचा अभ्यास समाधानकारक असावा, आणि खेळाबद्दल त्यानें पैसे घेतलेले नसावेत. थोडक्यांत, खेळ शाळेच्या कुंपणाच्या आंत आणावयाचा, हा त्या शिक्षकांचा हेतु होता.

१८९९ सालीं इंडियाना आणि आयोवा हीं विद्यापीठें येऊन मिळालीं व सातांचे नऊ झाले. परंतु लौकरच दिसून आलें कीं, नियम करणें सोपें आणि पाळणें कठीण. १९०५ च्या हंगामांत फुटबॉलमध्यें देशभर अनेक मुलें मृत्यु पावलीं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांस स्वतः लक्ष घालावें लागलें. आणि त्या खळबळींतून, आज एन.सी.ए.ए. ह्या अक्षरांनीं ओळखली जाणारी राष्ट्रीय संघटना जन्मास आली. इकडे मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजेल ह्यांच्या पुढाकारानें परिषदेनेंही १९०६ सालीं कडक नियम केले : वर्षांत सामने पांचच, कोणासही तीन वर्षांहून अधिक खेळतां येणार नाहीं, खेळाडूंसाठीं वेगळी भोजनव्यवस्था बंद. गंमत अशी कीं, ज्या मिशिगनच्या अध्यक्षांनीं हा पुढाकार घेतला तेंच मिशिगन ह्या नियमांच्या वादांत १९०७-०८ च्या सुमारास परिषदेबाहेर पडलें, आणि तब्बल दहा वर्षें बाहेर राहून १९१७ सालीं परत आलें. मध्यंतरीं १९१२ मध्यें ओहायो स्टेट येऊन दाखल झालें होतें. आतां सभासद दहा झाले, आणि लोक परिषदेला 'बिग टेन' म्हणजे 'थोरले दहा' म्हणूं लागले.

ह्या जुन्या काळांतील ये-जा मीं मुद्दाम सांगितली. भांडणें तेव्हांही होतीं. पण तीं नियमांवरून होतीं. असेंच दुसरें उदाहरण शिकागो विद्यापीठाचें. संस्थापकांपैकीं हा एक, आणि एके काळचा नामांकित संघ. पण १९३९ सालीं मिशिगननें त्यांस पंचाऐंशी विरुद्ध शून्य असें हरविलें. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स ह्यांचें मत असें होतें कीं, हा खेळ आतां विद्याभ्यासाशीं जुळणारा राहिला नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागोनें फुटबॉल बंद केला, आणि १९४६ सालीं परिषदही सोडली. त्यांच्या ओस पडलेल्या प्रेक्षागाराखालच्या एका खेळघरांत १९४२ च्या २ डिसेंबरला एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जगांतील पहिली नियंत्रित अणु-साखळी-प्रक्रिया घडवून आणली. शिकागोची रिकामी जागा मिशिगन स्टेट विद्यापीठास १९४९ सालीं मिळाली.

आतां प्रशांत महासागराच्या किनाऱ्याकडे वळूं, कारण पुलमन तिकडचें. १९१५ च्या २ डिसेंबरला ओरेगन राज्यांतील पोर्टलंड शहरीं चार विद्यापीठांनीं अशीच एक परिषद स्थापिली : कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, आणि ओरेगनचें कृषिमहाविद्यालय, जें पुढें ओरेगन स्टेट झालें. १९१७ सालीं पुलमनचें वॉशिंग्टन स्टेट आलें. १९१८ मध्यें स्टॅनफर्ड. १९२२ मध्यें लॉस एंजेलिसचें सदर्न कॅलिफोर्निया आणि त्याचबरोबर आयडाहो. १९२८ मध्यें लॉस एंजेलिसचेंच दुसरें विद्यापीठ, यू.सी.एल.ए. पुलमन आणि आयडाहो विद्यापीठाचें मॉस्को हें गांव ह्यांत अंतर अवघें आठ मैलांचें. दोहोंचा सामना झाला म्हणजे हरलेल्या गांवच्या विद्यार्थ्यांनीं जिंकणाऱ्यांच्या गांवापर्यंत पायीं चालत जावें, अशी तेथें कित्येक वर्षें रीत होती. शेजाराचें खरें सुख हेंच.

ह्या पश्चिमेकडील परिषदेचें आणि 'थोरल्या दहां'चें सूतही चांगलें जमलें. १९४६ सालीं दोघांत करार झाला कीं, दर वर्षीं नवीन वर्षाच्या दिवशीं दोन्हीकडील विजेत्या संघांनीं कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथें 'रोझ बोल' सामन्यांत भेटावें. करारानंतरचा पहिला सामना १ जानेवारी १९४७ रोजीं झाला. त्यांत इलिनॉयनें यू.सी.एल.ए.ला पंचेचाळीस विरुद्ध चौदा असें हरविलें. हीं दोन नांवें आपण ध्यानांत ठेवावीं.

पुढें १९५६ सालीं पश्चिमेंत मोठी कुलंगडीं बाहेर आलीं. मोठ्या शहरांतील विद्यापीठांच्या धनिक चाहत्यांनीं गुप्त निधि जमवून खेळाडूंस नियमाबाहेर पैसे दिल्याचें सिद्ध झालें. परिषदेनें दंड केले, बंद्या घातल्या. शिक्षा झालेल्यांस त्या झोंबल्या, आणि आरोप-प्रत्यारोप सुरू झाले. अखेर १९५९ सालीं परिषदच मोडली, आणि त्याच वर्षीं पांच विद्यापीठांनीं नवा संसार मांडला. ह्या पांचांत कॅलिफोर्निया, यू.सी.एल.ए., सदर्न कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन हीं दंड झालेलीं चारही होतीं, पांचवें स्टॅनफर्ड. बाहेर कोण राहिले? ओरेगन, ओरेगन स्टेट, पुलमनचें वॉशिंग्टन स्टेट, आणि आयडाहो. पुलमनला तीन वर्षें थांबून १९६२ मध्यें आंत घेतलें. ओरेगनच्या दोघांस १९६४ मध्यें. आयडाहोला कधींच बोलावणें आलें नाहीं. आठ मैलांवरचे दोन शेजारी. एकाचें पान मांडलें, दुसऱ्याचें नाहीं.

ही झाली पहिली पंगत. दुसरी समजण्यासाठीं मधली एक गोष्ट सांगितली पाहिजे. दूरचित्रवाणी आली तेव्हां राष्ट्रीय संघटनेस भय वाटलें कीं, लोक घरींच बसून सामने पाहूं लागले तर मैदानें ओस पडतील. म्हणून १९५० नंतरच्या दशकांत तिनें नियम केला कीं, कोणाचे किती सामने दाखवावयाचे हें संघटनाच ठरवील. कोणत्याही एका विद्यापीठास वाटेल तितके वेळां पडद्यावर येतां येत नसे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ह्या दोन विद्यापीठांनीं ह्याविरुद्ध फिर्याद केली, आणि २७ जून १९८४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं निर्णय दिला कीं, असें नियंत्रण हा व्यापारांतील बेकायदा मक्ता आहे. विरुद्ध मत देणाऱ्या दोन न्यायमूर्तींत बायरन व्हाइट हे होते. ते स्वतः तरुणपणीं विद्यापीठीय फुटबॉलचे नामवंत खेळाडू होते. खेळ हा निव्वळ व्यापार मानला गेला तर त्याचें शिक्षणाशीं असलेलें नातें तुटेल, अशी त्यांची धास्ती होती.

निर्णयाचा परिणाम हळूहळू दिसूं लागला. आतां सामने विकण्याचा अधिकार परिषदांकडे आला. जिच्या क्षेत्रांत घरें अधिक, तिला दाम अधिक. १९१४ सालीं टेक्ससमध्यें निघालेली साउथवेस्ट परिषद १९९६ सालीं मोडली. तिच्यांतील चार विद्यापीठें नव्या 'बिग ट्वेल्व्ह'मध्यें गेलीं, आणि राइस, ह्यूस्टन, टेक्सस ख्रिश्चन व सदर्न मेथॉडिस्ट हीं चार मागें राहिलीं. इकडे 'थोरल्या दहां'नीं २००७ सालीं स्वतःची दूरचित्रवाहिनीच काढली. ज्या राज्यांत परिषदेचा सभासद असेल तेथील प्रत्येक घरामागें तिला अधिक वर्गणी मिळे. २०१४ सालीं न्यूयॉर्कशेजारचें रटगर्स आणि राजधानीशेजारचें मेरीलंड ह्यांस आंत घेण्यांत आलें, त्याचें इंगित हें. १८६९ चा पहिला सामना जिंकणाऱ्या रटगर्सला जी प्रतिष्ठा मैदानावर मिळाली नाहीं, ती शेजारपाजारच्या घरांच्या संख्येनें मिळवून दिली. 'दहां'चे ह्यावेळीं चौदा झाले होते. नांव मात्र दहाचेंच राहिलें.

नंतर ३० जून २०२२ रोजीं लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनीं जाहीर केलें कीं, आम्ही पश्चिमेची परिषद सोडून 'थोरल्या दहां'मध्यें जाणार. पश्चिमेची ती परिषद आतां बारा सभासदांची 'पॅक ट्वेल्व्ह' झाली होती. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें 'थोरल्या दहां'नीं तीन दूरचित्रवाणी कंपन्यांशीं सात वर्षांचा करार केला. त्याची किंमत सातशें कोटि डॉलरांहून अधिक असल्याचें वृत्तपत्रांनीं दिलें. मागें राहिलेल्या दहांस तसा करार मिळेना. २०२३ च्या जुलैअखेर कोलोरॅडो गेलें. ४ ऑगस्टच्या एका दिवसांत पांच गेलीं : ओरेगन आणि वॉशिंग्टन 'थोरल्या दहां'कडे, दोन ॲरिझोना आणि युटा 'बिग ट्वेल्व्ह'कडे. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया 'अटलांटिक किनारा' परिषदेंत गेलीं. होय श्रोतेहो, प्रशांत महासागराकांठचीं विद्यापीठें अटलांटिकच्या परिषदेंत! त्यांच्याबरोबर साउथवेस्टच्या मोडींत मागें राहिलेलें सदर्न मेथॉडिस्टही तेथें गेलें. त्याकरितां नऊ वर्षें दूरचित्रवाणीच्या उत्पन्नांतील वांटा सोडण्याचें त्यानें कबूल केलें. पंगतींत बसावयास मिळावें म्हणून उपाशी बसण्याची तयारी, असाच ह्याचा अर्थ.

बारांपैकीं दोन उरले. ओरेगन स्टेट, आणि पुलमनचें वॉशिंग्टन स्टेट. १९५९ सालीं वगळलेल्यांपैकींच हे दोन. चौसष्ट वर्षांनीं तीच पाळी पुन्हां आली.

आणखी एक प्रश्न उभा राहिला. जाणाऱ्या दहांस परिषदेच्या सभेंत मत असावें कीं नाहीं? तें असतें तर त्यांनीं बहुमतानें परिषदेचा ठेवा वांटून घेतला असता. उरलेल्या दोघांनीं पुलमन ज्या परगण्यांत आहे तेथील न्यायालयांत फिर्याद केली. परिषदेच्या घटनेंत असें कलम होतें कीं, जो सभासद निघून जाण्याची सूचना देतो त्याचा प्रतिनिधि कारभारी मंडळांत राहत नाहीं. त्या आधारें नोव्हेंबर २०२३ मध्यें न्यायाधीशांनीं कारभार दोघांच्या हातीं दिला, आणि डिसेंबरमध्यें राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय कायम राहूं दिला. पुढें तडजोड झाली. २०२४ आणि २०२५ चे हंगाम दोनच सभासदांच्या परिषदेनें काढले. अन्य विद्यापीठांशीं बोलणीं करून त्यांनीं नवे सोबती मिळविले, आणि ते २०२६ च्या जुलैपासून येण्याचें ठरलें. घटनेंतील एक कोरडें कलम दुबळ्याच्या उपयोगीं कसें पडतें, हें शिकण्यासारखें आहे.

ऑगस्ट २०२४ मध्यें 'थोरल्या दहां'चे अठरा झाले. १९४७ सालीं ज्यांची वर्षांतून एकदां गांठ पडावी म्हणून करार लागला, तीं इलिनॉय आणि यू.सी.एल.ए. आतां एकाच परिषदेंत आहेत. रटगर्स आणि लॉस एंजेलिस ह्यांत सुमारें २,४०० मैलांचें अंतर, आणि घड्याळांत तीन तासांचा फरक. फुटबॉलवाले कसेबसे निभावतील. परंतु पोहणाऱ्या आणि चेंडूफळी खेळणाऱ्या मुलामुलींसही परिषदेच्या सामन्यांसाठीं हाच प्रवास पडतो, आणि परत येऊन त्यांस वर्गांत बसावयाचें असतें. दुसरी बाजू सांगणें न्यायाचें आहे : फुटबॉलच्या पैशावरच अनेक ठिकाणीं हे इतर खेळ चालतात, आणि तो पैसा आटला तर पहिली कुऱ्हाड त्यांवरच पडेल. कारभाऱ्यांचीही ओढाताण आहे. शिवाय जून २०२५ मध्यें एका न्यायालयीन तडजोडीस मंजुरी मिळून विद्यापीठांस खेळाडूंना उघडपणें पैसे देण्याची मोकळीक झाली. पहिल्या वर्षासाठीं मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलरांची. ज्यांच्या श्रमांवर हा डोलारा उभा होता त्यांस वांटा मिळाला, हें मला गैर वाटत नाहीं. पण पामर हाउसमध्यें जमलेल्या त्या सात शिक्षकांचा पहिला नियम ह्याच्या नेमका उलट होता, एवढें नमूद केलें पाहिजे.

मग टिकलें कोण? पूर्वेकडील आठ जुन्या विद्यापीठांनीं १९५४ सालीं सर्व खेळांसाठीं एक परिषद केली; हार्वर्ड, येल, प्रिन्सटन आदिकरून. तिला 'आयव्ही लीग' म्हणतात. त्यांनीं आपसांत ठरविलें कीं, खेळाच्या गुणावर कोणास शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं. तेव्हांपासून तिचे सभासद आठच आहेत. नववा आला नाहीं, आठांतून एकही गेला नाहीं. हीं श्रीमंत विद्यापीठें, त्यांस हें परवडलें, असें कोणी म्हणेल, आणि तें खरें आहे. तरी माझ्या मतें मर्म दुसरें आहे. त्यांनीं मिळून कांहीं मिळविण्याचा नव्हे, तर मिळून कांहीं सोडण्याचा करार केला. ज्यास अधिक हवें आहे त्यास त्या परिषदेंतून बाहेर पडण्याची वाट मोकळी होतीच. पण आंत राहणाऱ्यांत दुसऱ्याचें पान ओढून घेण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

हें सर्व वाचतांना मला आमचीच एक सभा आठवली. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं तालुक्यांतील सहा शाळांनीं एक क्रीडामंडळ काढलें होतें, आणि मी त्याचा चिटणीस होतों. त्यांतील एक शाळा आडगांवची. मैदान खडकाळ, जावयास दिवसाची एकच एस्. टी., प्रेक्षक नाहींत, वर्गणी वेळेवर नाहीं. चौथ्या वर्षीं तिला वगळण्याचा ठराव आला. सोयीच्या दृष्टीनें तो चुकीचा नव्हता. मींही हात वर केला. तेथील खेळशिक्षक शांतपणें ऐकत होते. जातांना एवढेंच म्हणाले, 'आतां मुलांना काय सांगूं?' आमच्यापैकीं कोणीही उत्तर दिलें नाहीं. आमच्या सभेंत दूरचित्रवाणी नव्हती, कोट्यवधि डॉलर नव्हते. होती ती फक्त आमची सोय. म्हणून अमेरिकेंतील कारभाऱ्यांस नांवें ठेवतांना माझी जीभ अडखळते.

पुलमनच्या मुलास मीं उत्तर लिहिलें. कोण गेलें, कोण येणार, हें तुमच्या हातीं नाहीं. पण १९५९ सालीं ज्या शेजाऱ्याचें पान मांडलें गेलें नाहीं, त्याच्याशीं सामना धरण्यास कोणत्याही परिषदेची परवानगी लागत नाहीं. तुमचा संघ मॉस्कोच्या संघाशीं खेळेल तेव्हां पाहावयास जा, आणि हरलांत तर जुन्या रिवाजाप्रमाणें चालत जा. आठच मैल आहेत.